काळ्या तळ्याचा परवाना

मरण्याच्या आदल्या दिवशी डोन काम्पो एलियास यांनी मुलीच्या टूथब्रशनं सायकलची साखळी घासली.

शेवटचा साधासुधा दिवस कसा घालवावा याचे काही संकेत आहेत. माणसानं मुलांना जवळ बोलवावं, दोन शहाणपणाचे शब्द सांगावेत, निदान आकाशाकडे बघून एखादा सुस्कारा सोडावा. पण त्यासाठी तो दिवस शेवटचा आहे हे आधी कळायला लागतं. डोन काम्पो एलियासना कोणी तसं कळवलेलं नव्हतं. त्यामुळे शनिवारी सकाळी ते मागच्या अंगणात सायकल उलटी टाकून बसले होते, आणि त्यांची मुलगी नोहेमी दारात उभी होती.

"बाबा, तो माझा ब्रश आहे."

"तुझा? मला वाटलं जुना आहे."

"मंगळवारी आणलाय."

"तरीच इतका सुरेख घासतोय," ते कौतुकानं म्हणाले आणि पुढच्या कडीकडे वळले.

नोहेमी सत्तेचाळीस वर्षांची, कोलंबियातल्या सोगामोसो गावी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणारी. काही न बोलता दार लावून घेणं तिला उत्तम जमायचं. ती तेच करणार होती, तेवढ्यात ते साखळीकडे बघतच म्हणाले, "जानेवारीच्या चार तारखेला काळ्या तळ्यावर जायचंय. तंबू घेऊन. येतेस?"

"पुढच्या वर्षी बघू, बाबा."

हा प्रश्न आणि हे उत्तर त्या घरात अकरा वर्षं, म्हणजे आई गेल्यापासून, नाताळाच्या सुमाराला सणासारखं पाळलं जायचं. दोघांनाही पाठ होतं. ते म्हणाले, "बरं," आणि साखळी पुन्हा फिरू लागली.

रविवारी सहाच्या ठोक्याला ते नेहमीसारखे बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, चीजचा गरम पाव घेतला, बाकावर बसले, आणि तिथंच संपले. पाव अर्धा उरला होता. बेकरीवाली प्रत्येकाला सांगत होती की सायकल इतकी नीट टेकवली होती, इतकी नीट, की आधी कोणाला काही कळलंच नाही.

नऊ दिवस घरात त्यांच्यासाठी जपमाळेची प्रार्थना झाली. नवव्या संध्याकाळी सगळे गेल्यावर एकच माणूस खुर्चीवर उरला. डोन पास्तोर, वडिलांचा चाळीस वर्षांचा सायकलवरचा जोडीदार, वय सत्तर, धंद्यानं न्हावी, मिशा न्हाव्याला शोभतील अशा. टोपी हातात फिरवत तो म्हणाला, "पोरी, तळ्याचा परवाना चार तारखेचा आहे. दोघांचा. वाया जाईल."

"मग तुम्ही जा ना."

"एकट्याला सोडत नाहीत."

नोहेमीनं कॉफीचे कप गोळा केले. दर रविवारी बाबा घर सोडून वर डोंगरात गेले होते. तिच्या वाढदिवसांचे रविवार, चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा रविवार, आईच्या दुखण्यातले रविवारसुद्धा. वर असं काय होतं, जे या घरात नव्हतं? एवढं एकच तिला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, आणि बघून झाल्यावर, जमलं तर, त्याच्यावर शांतपणे रागवायचं होतं.

"मी येते," ती म्हणाली. हातातले कप खाली ठेवल्यावर तिला कळलं की ती काय म्हणाली.

गल्लीला ही बातमी डोन पास्तोर कोपऱ्यावर पोचायच्या आधी कळली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या डोन्या एर्मेन्सिया समाचाराला आल्या. एरवी त्या समाचाराला येत तेव्हा सूप घेऊन येत. या वेळी रिकाम्या हातानं आल्या, यावरून प्रकरणाचं गांभीर्य लक्षात यावं.

"बापाला जाऊन महिना नाही झाला, आणि सुमेर्से सायकलवर बसणार?" आमच्या बोयाका प्रांतात आदरानं बोलायचं आणि आदरानंच टोचायचं, दोन्हीसाठी 'सुमेर्से' एवढं एकच संबोधन पुरतं. "आणि ती सायकलवाल्यांची तोकडी चड्डी घालून?"

"थंडी असते हो. गुडघ्याखालपर्यंतची आहे."

"बघू."

चड्डी आणली गेली. डोन्या एर्मेन्सियांनी ती खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली, ताणून पाहिली, बसायच्या जागी शिवलेली गादी अंगठ्यानं दाबली, क्षणभर विचारात पडल्या, आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"काळी आहे."

"काळीच असते."

"मग काही हरकत नाही. दुखवटा पाळल्यासारखंच आहे."

धर्माचा प्रश्न असा मिटल्यावर व्यवहाराचे प्रश्न आले. शर्टाच्या आतून छातीला वर्तमानपत्र लाव, वारा लागत नाही. लोकरी घोंगडीसारखी रुआना घे, तंबूपेक्षा तीच बरी. पेरूच्या वड्या घे, दर तासाला एक. औषधवाला म्हणाला, दर तासाला दोन. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, तू जाऊच नकोस, तू भूगोलाची बाई आहेस, तुला हे सगळं आधीच माहीत आहे. हे मात्र खरं होतं. बावीस वर्षं नोहेमी आठवीच्या मुलींना शिकवत आली होती की पारामो म्हणजे ढगांच्या उंचीवरचं माळरान, तिथली झाडं धुकं पितात, आणि आपल्या नळाला येणारं पाणी तिथूनच निघतं. फळ्यावर ती काळ्या तळ्याचा आकार डोळे मिटून काढू शकायची. घरापासून तीस किलोमीटरवरचं ते तळं तिनं कधी पाहिलं नव्हतं, ही गोष्ट मुलींना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

चार तारखेला सकाळी आठ वाजता ती आणि डोन पास्तोर डोंगराच्या पायथ्याच्या गावी परवान्याच्या कचेरीत हजर झाले. नोहेमी वडिलांच्या सायकलवर होती. सीट दोन बोटं उंच राहिली होती, आणि ती खाली करायचा पाना त्यांनी कुठे ठेवला होता ते विचारायला आता कोणी नव्हतं. साखळी मात्र लोण्यासारखी फिरत होती.

कारकुनानं कागद उलटसुलट पाहिला. "परवाना डोन काम्पो एलियास सियाचोके यांच्या नावावर आहे. धारकानं स्वतः हजर राहावं लागतं."

"धारक वारले," नोहेमी म्हणाली.

कारकून उभा राहिला. त्यानं तिचा हात हातात घेतला, देव त्यांना आपल्याजवळ ठेवो म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. मग खाली बसला आणि विचारलं, "त्यांनी तसं लेखी कळवलंय?"

नोहेमीनं पर्समधून मृत्यूचा दाखला काढून टेबलावर ठेवला. कारकुनानं त्याला हात लावला नाही. त्यानं एक जाड वही ओढली आणि बोट फिरवत मागं मागं जाऊ लागला.

"पण सुमेर्सेना काय अडचण आहे? सुमेर्से तर दर वर्षी जाता."

"मी?"

"सोबती, नोहेमी सियाचोके. हजर. गेल्या वर्षी हजर. त्याच्या आदल्या वर्षी हजर." त्यानं वही तिच्याकडे फिरवली. "अकरा वेळा."

अकरा ओळी होत्या. प्रत्येक ओळीत तिचं नाव होतं, वडिलांच्या हातचं, शाळकरी गोल अक्षरात. आणि प्रत्येक नावापुढे एक सही होती, ठळक, शेपटीला दोन वेलांट्या काढलेली, न्हाव्याच्या दुकानाच्या पाटीवर असते तशी.

नोहेमीनं मान वळवली. डोन पास्तोर छताकडे बघत होता. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"डोन पास्तोर."

"अर्ज डिसेंबरच्या पहिल्या तारखेला भरावा लागतो, पोरी," तो छतालाच म्हणाला. "आणि तुझं उत्तर यायचं नाताळाच्या सुमाराला. तो दर वेळी तुझंच नाव टाकायचा. मी म्हणायचो, अरे बाबा, माझं टाक, ती येत नाही. तर म्हणायचा, या वर्षी येईल. मग खोडाखोड चालत नाही, ऐन वेळी कोणीतरी तर नोहेमी व्हायलाच हवं ना?"

"मिशांसकट?"

"तुझी बाजू कुठं कमी पडू दिली नाही मी."

सरकारदरबारी आपण अकरा वेळा बारा हजार आठशे फूट उंचीवर जाऊन आलो आहोत, तेही मिशा लावून, हे पचवायला माणसाला थोडा वेळ लागतो. कारकुनानं तो दिला. त्यानं मिशांकडे पाहिलं, सहीकडे पाहिलं, मग दाखला बोटाच्या टोकानं हळूच तिच्याकडे परत सरकवला.

"हा कागद मी पाहिलेला नाही," तो म्हणाला. "सोबती आज हजर आहेत, ते दिसतंय. धारकांनी इथं सही करावी."

डोन पास्तोरनं पेन घेतलं. अकरा वेळा नोहेमी झालेल्या त्या माणसाला आता काम्पो एलियास व्हायचं होतं. त्यानं 'काम्पो' लिहिलं, थांबला, बाहीनं नाक पुसलं, आणि 'एलियास' लिहिलं. या वेळी वेलांट्या काढल्या नाहीत.

आता सायकल चालवणे या शब्दाविषयी. काळ्या तळ्याच्या वाटेवर पहिला तास माणूस सायकल चालवतो, दुसरा तास सायकलला चालवत नेतो, आणि तिसऱ्या तासापासून सायकल माणसाला चालवू लागते, ती म्हणेल तिथं, बहुधा मागं. वाट म्हणजे कधीकाळी खेचरांसाठी मांडलेले दगड. त्यातले अर्धे खेचरांबरोबर निघून गेले होते, उरलेले चिखलातून डोकी वर काढून कोण आलंय ते बघत होते. वाटेत जो भेटला त्याला नोहेमीनं विचारलं, "तळं किती लांब?" आणि प्रत्येकानं हनुवटी वर करून सांगितलं, "हे काय, इथंच. त्या वळणापलीकडं." ते वळण तिनं सकाळपासून सात वेळा ओलांडलं होतं.

पण दम लागण्यापेक्षा अवघड गोष्ट जेवणाची होती. या डोंगरात दारावरून जाणाऱ्याला उपाशी सोडत नाहीत, आणि वाढलेलं नको म्हणणं म्हणजे त्या घराशी कायमचं वैर. डोन पास्तोर चाळीस वर्षांचा ओळखीचा, म्हणजे एकही दार चुकवता येईना. दहा वाजता बार्लीचं सूप झालं. अकराला मक्याची भाकरी, चीज आणि गूळपाणी. साडेअकराला पुन्हा सूप, त्यात पाच बटाटे. नोहेमीनं तीन खाल्ले तेव्हा घरातली म्हातारी दुखावल्या आवाजात म्हणाली, "आवडले नाहीत वाटतं." तिनं पाचही संपवले. त्यानंतर सायकल ढकलताना तिला आपल्या पोटात तळं हिंदकळल्यासारखं वाटत होतं.

सगळ्यांत वरचं घर डोन्या रोसाल्बिनांचं. त्याच्यावर माणसाची वस्ती नाही. फाटकापाशी दोन गाई उभ्या होत्या. नोहेमीच्या पावलांचा वेग आपोआप मंदावला, तशी दारातली बाई ओरडली, "थांब थांब! गाई बाजूला घेते! मुलगी गाईंना भिते!"

नोहेमी जागच्या जागी थिजली. "यांना कसं माहीत?"

"इथं सगळ्यांना माहीत आहे," डोन पास्तोर म्हणाला.

डोन्या रोसाल्बिनांनी गाई हाकलल्या, हात एप्रनला पुसले आणि नोहेमीचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला. "आलीस शेवटी! दर वर्षी ऐकत्येय. पुढच्या वर्षी मुलगी येणार. मुलगी बाई आहे शाळेत. मुलीला कॉफीत साखर चालत नाही, थंडी सोसत नाही, सहा वर्षांची असताना वासरानं तिचा फ्रॉक खाल्ला."

"तो फ्रॉकचा नुसता पट्टा होता," नोहेमी म्हणाली. भूगोलाच्या शिक्षिकेला या उंचीवर एवढीच प्रतिष्ठा वाचवता आली.

"आणि तुझा बाप कुठाय? मागं राहिला? म्हातारा झाला म्हणा आता."

डोन पास्तोरनं टोपी काढली. एवढंच पुरलं. डोन्या रोसाल्बिना आत गेल्या, चुलीपाशी थोडा वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या काखेत एक जिवंत तांबडी कोंबडी होती.

"तुझ्यासाठी ठेवली होती. मुलगी आली की देईन, असं त्याला सांगितलं होतं. म्हणजे ही तीच नव्हे. त्या कोंबडीची ही चौथी पिढी."

चार पिढ्या जिची वाट पाहिली गेली, तिनं ती भेट नको कशी म्हणावी? कोंबडीला रुआनेत गुंडाळून सायकलच्या मागच्या कॅरियरवर बांधण्यात आलं. डोकं तेवढं बाहेर. चढावर नोहेमी धापा टाकत होती तेव्हा मागून दर दहा पावलांवर "कॉक" असा अभिप्राय येत होता.

दुपारी चारला डोन पास्तोर थांबला, सायकल आडवी ठेवली, आणि हळू आवाजात म्हणाला, "हे तळं."

"कुठंय?"

"समोर."

समोर पांढरं होतं. डावीकडे, उजवीकडे, आपल्याच हाताच्या पलीकडे पांढरं. इतकं पांढरं की नोहेमीला वाटलं, फळा पुसून ठेवलाय. तिनं वाकून एक दगड उचलला आणि भिरकावला. थोड्या वेळानं 'डुबुक' झालं.

"अगं, दगड नको!" डोन पास्तोर घाबरून कुजबुजला. "नवं माणूस आलं की तळं रागावतं, धुकं ओढून घेतं. अशा वेळी हळू बोलायचं. त्याला आपली सवय होऊ द्यायची."

"खालची दमट हवा वर चढली की थंड होते, डोन पास्तोर. त्याला रागावणं म्हणत नाहीत."

"असेल. तरी हळू बोल."

तंबूच्या काठ्या तीन असायला हव्या होत्या, पिशवीतून दोन निघाल्या. तिसरीच्या जागी सायकलचा पंप उभा केला. वारा आला की पंप उसासा टाकून आत जायचा आणि छप्पर डोन पास्तोरच्या टकलावर टेकायचं. कोंबडी रात्री बाहेर मरेल म्हणून तिलाही आत घेतलं. तिनं जागा निवडायला जितका वेळ घेतला तितका कचेरीनंही घेतला नसेल. शेवटी ती डोन पास्तोरच्या हेल्मेटमध्ये बसली.

अंधार पडायच्या आत दोघं पेरूच्या वड्या खात दाराशी बसले. धुकं जराही हललं नव्हतं.

"चाळीस वर्षांत तुम्हांला हे तळं किती वेळा दिसलं?" नोहेमीनं विचारलं.

त्यानं बोटं मोजली. "नीट? सहा वेळा."

"सहा!" हा आवाज हळू नव्हता. "मग बाबा इथं येऊन करायचे काय?"

"बसायचा. असाच. आणि अधूनमधून म्हणायचा, हे नोहेमीला दाखवायला पाहिजे."

"काय दाखवायला? काही दिसतच नाही!"

"मीपण त्याला हेच म्हणायचो," डोन पास्तोर म्हणाला, आणि अर्धी वडी कोंबडीला दिली.

नोहेमी रागावून झोपली. एवढं चढून, एवढे बटाटे खाऊन, शेवटी बापानं दाखवायला ठेवलं होतं ते हे. रागावायचंच होतं तिला, पण समोर काही असतं तर त्याच्यावर रागावता आलं असतं. निव्वळ पांढऱ्यावर कसं रागावणार?

पहाटे तिला जाग आली ती शांततेनं. वारा थांबला होता. कोंबडीनं हेल्मेटमध्ये एक अंडं घातलं होतं आणि ती स्वतःवर खूष दिसत होती. नोहेमी रुआना ओढून बाहेर आली आणि उभी राहिली.

धुकं गेलं होतं. कुठे गेलं, कसं गेलं, कळलं नाही. सगळा डोंगरमाथा उघडा पडला होता. तळं फळ्यावर तिनं काढलेल्या आकाराचं मुळीच नव्हतं. ते काळंही नव्हतं. त्यात अजून न उगवलेल्या दिवसाचा सगळा उजेड आधीच येऊन बसला होता. आणि काठापासून वर, चारी उतारांवर, नजर पोचेल तिथवर ते धुकं पिणारे फ्राइलेहोन उभे होते. एकेका खोडावर राखाडी, लव असलेल्या पानांचा झुबका, माणसांएवढे, माणसांपेक्षा उंच, हजारो. जणू सगळे रात्रभर इथंच उभे होते आणि तंबूतली माणसं उठायची वाट बघत होते. वर्षाला एक सेंटिमीटर वाढतात, हे ती मुलींना लिहून देत असे. समोरचा तिच्या खांद्याला लागत होता. तिनं मनातल्या मनात हिशेब केला आणि अर्ध्यावर सोडला. तिच्या आजीच्या आजीच्या वेळेला हा इथं अंकुर होता, आणि तेव्हापासून तो इथंच होता, कोणी बघो न बघो.

ती एका झाडापाशी वाकली. पानाच्या लवेवर धुक्याचा एक थेंब अडकला होता. तो फुगला, डगमगला, पानाच्या देठाकडे घसरला आणि खाली शेवाळात पडला. आवाज झाला नाही. मग दुसऱ्या पानावरून एक. मग सगळीकडून. ती कान देऊन उभी राहिली, तेव्हा तिला ऐकू आलं: सगळा डोंगर ठिबकत होता, इतका हळू, की वर्षानुवर्षं बसून राहिल्याशिवाय कोणाला ते ऐकू येणार नाही. त्या ठिबकण्यातून कुठेतरी खाली नदी होत होती, आणि नदीतून त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ. बावीस वर्षं तिनं हे शिकवलं होतं. आणि त्यातला एक शब्दही तिला माहीत नव्हता.

तिला रागावण्यासाठी काही सापडेना. तिनं शोधलं. रविवार आठवले, खिडकी आठवली. सहाला फाटक वाजायचं, मग चाकांचा तो करकर आवाज कोपऱ्यापर्यंत, आणि ती काचेला नाक लावून उभी. त्या खिडकीत जे वाटायचं त्याला ती इतकी वर्षं राग म्हणत आली होती. तेव्हा तिला दुसरा शब्द माहीत नव्हता, आणि नंतर तो शोधायची लाज वाटली. आई गेल्यावर त्यांनी विचारायला सुरुवात केली, तेव्हा तिनं अकरा वर्षं नाही म्हणून त्यांना शिक्षा दिली, आणि ते दर वर्षी ती शिक्षा मुकाट्यानं घेऊन तिचं नाव लिहीत राहिले.

डोन पास्तोर तंबूबाहेर आला. त्यानं तळं पाहिलं आणि हेल्मेट छातीशी धरलं, अंड्यासकट. "सात," तो पुटपुटला.

नोहेमी काठापर्यंत चालत गेली. बुटांत पाणी शिरलं. हळू बोलायचं असतं, हे तिला आठवत होतं, पण जे सांगायचं होतं ते हळू सांगण्यासारखं नव्हतं. डोन पास्तोरनं या वेळी तिला अडवलं नाही.

"बाबा!" ती ओरडली. "मला तुमचा राग नव्हता येत! हेवा वाटायचा! आठ वर्षांची असताना विचारलं असतंत ना, तर मी सायकलमागं पळत आले असते!"